सेलूच्या घराला कॅमेरे: रेकॉर्डिंग आई-बाबांच्या हातात राहील असे

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. आई-बाबा परभणी जिल्ह्यातल्या सेलूला, घरात दोघंच. दोन वर्षांपूर्वी ताईंनी दारावर एक वाय-फाय कॅमेरा बसवून दिला. पहिला महिना सगळं फुकट दिसलं, मग मागचं रेकॉर्डिंग पाहायचं तर दरमहा पैसे, असं सुरू झालं. तेही भरले. एका रात्री लाईट गेली, राउटर बंद पडला आणि नेमकी त्याच रात्री दारातली मोटारसायकल गेली. क्लाउडवर त्या तासांचं काहीच नव्हतं. आता त्यांना घरातच रेकॉर्डिंग साठवणारे, महिन्याचा हप्ता नसलेले कॅमेरे हवे आहेत. घर असं: पुढं अंगण आणि फाटक, मागं परस, जुन्या भागावर माळवद (मातीचं सपाट छत), नव्या भागावर स्लॅब. शिवाय तीन किलोमीटरवर शेतात आखाडा, म्हणजे शेतावरची गोठ्याची, माल ठेवायची जागा.

ताई, मी परभणीत अठरा वर्षं कॅमेरे बसवतोय. घरं, मोंढ्यातली आडत दुकानं, जिनिंग, शाळा, शेतातले आखाडे. अमुक कंपनीचा घ्या असं एका ओळीत सांगता आलं असतं, पण तेवढ्यानं तुमची अडचण सुटणार नाही. मी एकच कसोटी लावतो. बाबांनी सकाळी उठून, तुम्हाला किंवा मला फोन न करता, घरातला टीव्ही लावून रात्री अडीचला दारात कोण आलं होतं हे पाहिलं पाहिजे. नेट बंद असतानाही पाहता आलं पाहिजे. एवढं जमलं तर रेकॉर्डिंग घरात आहे असं म्हणायचं. नाहीतर डिस्क कपाटात असून ती तुमची नाही.

तुमच्या त्या कॅमेऱ्याचं काय झालं ते आधी समजून घ्या. क्लाउडवरच साठवणारा कॅमेरा चित्र टिपतो आणि लगेच नेटवरून कंपनीच्या सर्व्हरला पाठवतो. त्याच्या पोटात साठवायला जागा नसते, असली तरी थोडीच. लाईन तुटली की पुढचं चित्र हवेत जातं. घरात लाईट नसणं आणि चोर येणं हे आपल्याकडं बहुधा एकाच वेळी घडतं, अंधाराचा फायदा सगळ्यांनाच कळतो. हप्त्याचा हिशोबही करून बघा: समजा एका कॅमेऱ्याला महिन्याला २०० रुपये धरले, तर चार कॅमेऱ्यांचे पाच वर्षांत ४८,००० होतात. तेवढ्यात चांगली डिस्क, इन्व्हर्टरची बॅटरी आणि वायरिंग उभं राहतं.

दुकानात गेल्यावर तीन गोष्टी विचारा. यात मेमरी कार्डाची जागा आहे का, आणि कार्डावरचं रेकॉर्डिंग बघायला पैसे लागतात का? नेट काढून टाकलं तरी रेकॉर्डिंग चालू राहतं का? आणि हा कॅमेरा ऑनव्हिफ किंवा आरटीएसपीवर (नेटवर्कवरून चित्र पाठवायची खुली पद्धत) चालतो का? तिसरा प्रश्न बरेच दुकानदार झटकून टाकतात, पण पुढं तोच कामाला येतो. ऑनव्हिफ ही २००८ साली अॅक्सिस, बॉश आणि सोनी या तीन कंपन्यांनी सुरू केलेली संघटना. निरनिराळ्या कंपन्यांचे कॅमेरे आणि रेकॉर्डर एकमेकांशी बोलू शकावेत म्हणून तिनं नियम ठरवले. ते पाळणारा कॅमेरा उद्या दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरला जोडता येतो. न पाळणारा कॅमेरा त्याच्या अॅपला कायमचा बांधलेला असतो, आणि कंपनीनं अॅप बंद केलं की भिंतीवर नुसतं डबडं उरतं.

आता दोन वाटा आहेत. एक कार्डवाला कॅमेरा, दुसरी सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्र एका डिस्कवर साठवणारी रेकॉर्डरची पेटी.

कार्डवाला म्हणजे टॅपो, इझव्हिझ वगैरेंचे छोटे वाय-फाय कॅमेरे. कार्ड टाकलं की हप्त्याशिवाय चालतात. भाड्याची खोली, एकच दार, लहान दुकान, एवढ्याला पुरे. पण चोरानं कॅमेराच ओरबाडून नेला तर पुरावाही त्याच्या खिशात जातो. दुसरं, साधं मोबाईलचं कार्ड दिवसरात्र लिहून लिहून झिजतं आणि कॅमेरा तसं सांगत नाही. हिरवा दिवा लागलेला दिसतो, आत काहीच लिहिलं जात नसतं. म्हणून ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलंच कार्ड घ्या, पाकिटावर किती तासांच्या रेकॉर्डिंगला ते टिकेल तेही छापलेलं असतं. बाजारात नकली कार्डं फार आहेत. कार्ड घेतल्या घेतल्या संगणकावर एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या फुकटच्या प्रोग्रामनं ते पूर्ण भरून, परत वाचून बघा. १२८ जीबी छापलेलं कार्ड ३२ जीबीतच आटोपतं असं मी अनेकदा पाहिलंय. आणि आमच्या कसोटीला ही वाट थोडी कमी पडते, कारण रेकॉर्डिंग बघायला मोबाईलचं अॅपच लागतं. बाबांना ते जमत असेल तर गोष्ट वेगळी.

तुमच्या घराला मी पेटीच लावीन. पेट्या दोन जातीच्या. डीव्हीआरला तांब्याच्या गाभ्याची जाड कोॲक्स केबल आणि बीएनसीचे (पिळून बसवायच्या गोल जोडाचे) कॅमेरे लागतात, एनव्हीआरला नेटची केबल आणि आयपी, म्हणजे नेटवर्कवर चालणारे कॅमेरे. घरात आधीच कोॲक्स ओढलेली असेल आणि ती चांगली असेल तर ती फाडू नका, डीव्हीआर लावा, पैसे वाचतील. नवं काम असेल तर चार पोर्टचा पीओई एनव्हीआर. यात वीज आणि चित्र दोन्ही एकाच नेट केबलमधून जातात. प्रत्येक कॅमेऱ्याजवळ वेगळा अॅडॉप्टर नको, की पावसात भिजणारा बोर्ड नको. साध्या पीओईत एका पोर्टमधून १५.४ वॅटपर्यंत वीज मिळते, घरगुती कॅमेऱ्याला ती भरपूर झाली. अंतराची मर्यादा १०० मीटर. आणखी एक फायदा असा की पेटीच्या पाठीमागच्या पोर्टला जोडलेले कॅमेरे तिच्या स्वतःच्या आतल्या जाळ्यात राहतात, बाहेरून कुणाला थेट त्यांच्यापर्यंत जाता येत नाही.

केबल घेताना मात्र फसू नका. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते आणि वर तेच नाव छापलेलं असतं. पीओईत तिच्यातून वीज पुरेशी पोचत नाही, रात्री कॅमेऱ्याचे अंधारात बघायचे इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा बंद-चालू होत राहतो, आणि मिस्त्री कॅमेऱ्याला दोष देऊन नवा विकतो. तार ब्लेडनं खरडा. आत पांढरी निघाली तर परत करा.

डिस्कचा हिशोब मी प्रत्येक गिऱ्हाइकाला कागदावर करून देतो. १ एमबीपीएसनं, म्हणजे सेकंदाला एक मेगाबिट या वेगानं, चोवीस तास रेकॉर्ड केलं तर दिवसाला १०.८ जीबी भरतात. हा आकडा लक्षात ठेवा, बाकी सगळा गुणाकार आहे. चार कॅमेरे प्रत्येकी २ एमबीपीएसनं चालले तर दिवसाला ८६ जीबीच्या आसपास. म्हणजे १ टीबीची डिस्क अकरा दिवस, २ टीबीची तेवीस, ४ टीबीची दीड महिना. चित्र दाबून साठवायची एच.२६५ नावाची पद्धत चालू केली तर जुन्या एच.२६४ पेक्षा जवळपास निम्म्या जागेत तेच चित्र बसतं. सेकंदाला १५ फ्रेम घराला पुष्कळ होतात, २५-३० ची काही गरज नाही.

दिवस किती हवेत? हे तुमचे आई-बाबा घर बंद ठेवून जास्तीत जास्त किती दिवस जातात यावर ठरतं. जिंतूरचं एक कुटुंब दिवाळीला मुलाकडं वीस दिवस गेलं होतं. कुलूप तुटलं तिसऱ्या दिवशी, घरच्यांना कळलं परत आल्यावर. पेटीत ५०० जीबीची डिस्क होती, सहा दिवसांवरचं मागचं पुसलं जायचं. सगळे कॅमेरे नीट चालू होते आणि पोलिसांना दाखवायला घरच्यांकडं काहीच नव्हतं. त्या माउलीचा चेहरा मला अजून आठवतो. ती डिस्क मीच बसवली होती, स्वस्तात बसेल म्हणून. तेव्हापासून मी घराला २ टीबीच्या खाली जात नाही. तुम्ही त्यांना बाळंतपणाला, आजारपणाला महिनाभर पुण्याला नेणार असाल तर ४ टीबी घ्या.

डिस्क मात्र पाळत ठेवण्यासाठी बनवलेलीच हवी, डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉकसारखी. संगणकातली जुनी काढून बसवायचा मोह होतो, पण ती दिवसरात्र लिहिण्यासाठी केलेली नसते. पेटीचं बिल मागताना डिस्कचा सीरियल नंबर वेगळा लिहून घ्या, तिची वॉरंटी वेगळी असते.

विजेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या भागात बहुतेक रेकॉर्डिंग इथंच मरतं. चार कॅमेरे मिळून २० वॅट, पेटी आणि डिस्क १५, राउटर १०. एकूण ४५ वॅट. घरात १५० एएचची एक बॅटरी असेल तर तिच्यात कागदावर १८०० वॅट-तास असतात. अर्धेच वापरले आणि इन्व्हर्टर स्वतः खातो तेही धरलं, तरी पंधरा तास निघतात. पण त्याच बॅटरीवर पंखे, टीव्ही आणि फ्रिज असतील तर पहाटे तीनला सगळं बसतं. इलेक्ट्रिशियनला सांगून कॅमेऱ्यांना इन्व्हर्टरची वेगळी लाईन काढा आणि फ्रिजला त्यावरून खाली उतरवा. डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळून तीन दिवस लाईट नसण्याची वेळ आपल्याला नवी नाही, तेव्हा आईला सांगून ठेवा की पंखा एक कमी चालला तरी चालेल, ही लाईन बंद करायची नाही.

इन्व्हर्टरच्या पाठीमागं बहुधा एक लहान बटण असतं, एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला इको किंवा नॉर्मल. नॉर्मलवर असताना लाईट गेली की बॅटरीवर यायला जो क्षण लागतो तेवढ्यात पेटी बंद होऊन पुन्हा सुरू होते. दिवसाला दहा वेळा असं झालं तर डिस्क खराब होते. यूपीएसवर ठेवा. फक्त एक अडचण: यूपीएसवर असताना साधारण १८० व्होल्टच्या खाली दाब गेला की तो बॅटरीवर उडी मारतो. रब्बीत संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की गावांत दाब रोज उतरतो, मग बॅटरी दररोज रिकामी होते. अशा ठिकाणी आधी स्टॅबिलायझर लावावा लागतो. सेलू शहरात बहुधा लागणार नाही, पण संध्याकाळी सात वाजता मीटरनं मोजून घ्या.

दुसरी गोष्ट आकाशातली वीज. वळवाच्या पावसात, मृगाच्या आधी, मराठवाड्यात ती किती पडते हे तुम्हाला सांगायला नको. ती कॅमेऱ्यावरच पडायला लागत नाही. जवळच्या लिंबावर पडली तरी लांब तांब्याच्या तारेत झटका शिरतो आणि पेटीचे पोर्ट जातात. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी एका शेतकऱ्याच्या घरापासून गोठ्यापर्यंत कोॲक्स ओढली होती, जमिनीवरून, १४० मीटर. पहिल्याच जूनमध्ये पेटी, टीव्ही आणि दोन कॅमेरे एकाच वेळी गेले. दोन वेगळ्या इमारतींच्या मध्ये आता मी तांबं ओढतच नाही, फायबर टाकतो आणि दोन टोकांना तांब्याची तार फायबरला जोडणारे मीडिया कन्व्हर्टर लावतो. काचेच्या तारेतून झटका जात नाही. घरापुरतं म्हणाल तर चांगलं अर्थिंग, फाटकाकडं जाणाऱ्या केबलला झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर आणि केबल लोखंडी फाटकाला न बांधता पीव्हीसी पाइपमधून. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालायला बाबांना सांगा, काळी माती भेगाळली की अर्थिंग नावालाच उरतं.

आता कॅमेरा. लोक मेगापिक्सेल विचारतात. मी विचारतो, कुणाचा चेहरा, किती फुटांवरून? युरोपच्या ईएन ६२६७६-४ या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत अनोळखी माणसाची ओळख पटण्यासाठी मीटरभर रुंदीत २५० पिक्सेल लागतात असं धरलं होतं, ओळखीचा माणूस कळायला १२५. आता २ मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे १९२० पिक्सेल. ते २५० नं भागले तर साडेसात मीटरच्या थोडं वर रुंदी येते. २.८ मिमीची लेन्स इतकी पसरट बघते की एवढी रुंदी तीन मीटरवरच भरते. म्हणजे जो कॅमेरा अख्खं अंगण दाखवतो तो दहा फुटांच्या पलीकडच्या चोराचा चेहरा देत नाही. तो कोणी तरी आला एवढंच सांगतो. ६ मिमीची लेन्स घेतली तर तीच ओळख आठ मीटरच्या आसपास मिळते, पण बाजूचं दिसत नाही.

म्हणून फाटकावर दोन कॅमेरे, असं मी सुचवीन. एक २.८ चा, अंगण आणि मोटारसायकलची जागा दिसेल असा. दुसरा ६ मिमीचा, फक्त फाटकाच्या उघडणाऱ्या झडपेवर रोखलेला, आत पाऊल टाकणाऱ्याचं तोंड भरेल असा. तो आठ-नऊ फुटांवर लावा. बरेच मिस्त्री हात पोचू नये म्हणून पंधरा फुटांवर चढवतात, मग नुसती टोपी आणि रुमाल रेकॉर्ड होतो. तिसरा परसाकडं, चौथा जिन्याच्या तोंडाशी, कारण माळवदावरून स्लॅबवर येणं सोपं असतं आणि घरचे तिकडं बघत नाहीत. चारही ४ मेगापिक्सेलचे घेतलेत तर चेहऱ्याचं अंतर थोडं वाढतं, डिस्क मात्र त्या हिशोबानं मोठी लागते.

रात्रीचं चित्र विकत घेण्याआधी बघून घ्या, दुकानातल्या उजेडात सगळे कॅमेरे सुंदर दिसतात. चुन्याची पांढरी भिंत किंवा पडवीचा पत्रा कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आला की इन्फ्रारेड उजेड तिथूनच परततो आणि बाकी अंगण काळं पडतं. गोल डोमच्या काचेवर धूळ बसली की तेच होतं. आपल्या धुळीत बाहेर नळीचा, ज्याला बुलेट म्हणतात तो बरा. आयपी६६ किंवा ६७ (धूळ-पाण्यापासून बचावाची पातळी) लिहिलेला घ्या, आणि पश्चिमेच्या भिंतीवर लावायचाच असेल तर छज्ज्याच्या सावलीत. मे महिन्यात परभणीचं तापमान ४३-४४ अंशांवर जातं, उन्हातलं धातूचं खोकं त्याहून बरंच तापतं. कोळी कॅमेऱ्याच्या उबेला जाळं विणतो, ते पंधरा दिवसांनी मऊ झाडणीनं काढावं लागतं.

पेटी कुठं ठेवायची? टीव्हीखाली नको. मोंढ्यातल्या एका आडत दुकानात चोरांनी गल्ल्याबरोबर पेटीही उचलली. पण दारावरच्या कॅमेऱ्यात मी कार्ड घालून ठेवलं होतं, त्यावर दोघांचे चेहरे सापडले. आयपी कॅमेऱ्यात कार्डाची जागा असेल तर पेटी असतानाही कार्ड घालाच. पेटी आणि कॅमेऱ्याचा संपर्क तुटला तरी कार्ड लिहीत राहतं, आणि काही पेट्या संपर्क आल्यावर तेवढा तुकडा कार्डावरून परत ओढूनही घेतात. पेटीला तुमच्याकडं खरं तर फार चांगली जागा आहे: माळवदाची आतली खोली. बाहेर ४४ अंश असताना ती गार असते, आणि डब्ल्यूडी पर्पलसारख्या डिस्कची मर्यादा ६५ अंशांची असल्यानं पत्र्याखालच्या पोटमाळ्यापेक्षा ती कितीतरी सुरक्षित. फक्त वरून माती गळते आणि भिंतीत वाळवी असते, म्हणून जाळीदार लोखंडी कपाट, भिंतीपासून हातभर पुढं, कुलूप लावून. टीव्हीपर्यंत एक एचडीएमआय केबल आणि माऊसची वायर आणा.

तुमच्या फोनवर पुण्यात बघण्याचं थोडक्यात सांगतो. पेटीवरचा क्यूआर स्कॅन केला की कंपनीच्या अॅपमधून थेट चित्र दिसतं, त्याला बहुतेक ठिकाणी पैसे नसतात. तो रस्ता कंपनीच्या सर्व्हरवरून जातो हे मात्र खरं. ते नको असेल तर टेलस्केल किंवा वायरगार्डसारखं व्हीपीएन, म्हणजे घरच्या नेटपर्यंतची खासगी बंद वाट, घरच्या एखाद्या छोट्या संगणकावर बसवता येतं. राउटरमध्ये बाहेरून थेट आत यायचं पोर्ट उघडून ठेवू नका. गावातल्या बहुतेक फायबरवर आणि मोबाईलच्या नेटवर घराला स्वतंत्र पत्ता (पब्लिक आयपी) मिळत नसल्यानं ते चालतही नाही. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसनं जगभरचे लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर काबीज केले होते, ते केवळ कंपनीनं दिलेला पासवर्ड कुणी बदलला नव्हता म्हणून.

आणि पासवर्ड मिस्त्रीकडं ठेवू नका, मी असलो तरी. आमच्या धंद्यात ही वाईट सवय आहे, पेटी स्वतःच्या मोबाईल नंबरवर नोंदवायची आणि गिऱ्हाइकाला नुसतं शेअर करायचं. मिस्त्री गाव सोडून गेला की पेटी पोरकी होते, आणि तोवर तुमच्या अंगणातलं चित्र त्याच्या फोनमध्ये दिसत असतं. नोंदणी तुमच्या नंबरवर, अॅडमिनचा पासवर्ड बाबांच्या डायरीत.

घेताना आणखी एक बघा. इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाच्या एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेनुसार सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी बंधनकारक झाली आणि ९ एप्रिल २०२५ पासून ती लागू आहे. खोक्यावर ‘आर’ नं सुरू होणारा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाकून दुकानातच तपासता येतो. क्रमांक नसलेला, नाव नसलेला माल कितीही स्वस्त असला तरी आई-बाबांच्या दारात लावू नका.

वेळेचं एक सांगायचं राहिलं. पेटीत नाण्याएवढा सेल असतो. तो संपला की लाईट जाऊन आल्यावर घड्याळ जुन्या तारखेवर जातं, आणि चोरीचं चित्र कुठल्या तरी जुन्या वर्षाच्या १ जानेवारीचं दिसतं. पुराव्यात हे फार महागात पडतं.

पुराव्याचं बोललो म्हणून. आपल्या शेजारच्या जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. वाद उमेदवारी अर्ज वेळेत आले की नाही याचा, आणि पुरावा निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणाचा. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयानं सांगितलं की चित्रीकरणाची प्रत द्यायची तर सोबत प्रमाणपत्र हवंच, आणि मूळ यंत्रच हजर करून मालकानं साक्ष दिली तर ते लागत नाही. त्या खटल्यात चित्रीकरण ज्यांच्या ताब्यात होतं त्यांनी मागूनही प्रमाणपत्र दिलं नव्हतं. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्यातल्या प्रमाणपत्रावर यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याची आणि तज्ज्ञाची सही लागते, आणि फाइलचा हॅश, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, नोंदवावा लागतो. पेटी बाबांच्या घरात असेल तर यंत्र त्यांच्याच ताब्यातलं, पहिली सही ते स्वतः करू शकतात. क्लाउडवर असतं तर एखाद्या दूरच्या कंपनीच्या मागं लागावं लागतं. काही घडलं तर त्याच दिवशी पेन ड्राइव्हवर दोन प्रती काढा, आणि पोलिसांनी पेटी नेली तर पंचनाम्यात तिचा आणि डिस्कचा सीरियल नंबर लिहून घ्या.

आखाड्यावर वायर ओढू नका. सोलरवर चालणारा, सिमकार्डाचा कॅमेरा मिळतो, त्यात कार्ड घालून तिथंच साठवा. सिमवरून सतत चित्र मागवलं तर २ एमबीपीएसनं दिवसाला २१ जीबी डेटा जातो, म्हणून हवं तेव्हाच उघडून बघायचं. बॅटरीचे कॅमेरे हालचाल झाली तरच जागे होतात आणि सुरुवातीचे क्षण हुकतात, तेव्हा तो सोयाबीनच्या कट्ट्यांच्या थप्पीकडं न रोखता पायवाटेकडं रोखा, म्हणजे माणूस थप्पीपाशी येईपर्यंत कॅमेरा जागा झालेला असेल. सालगड्याला कॅमेरा कुठं आहे ते दाखवून ठेवा. लपवून लावला आणि त्याला नंतर कळलं तर पाच वर्षांचा विश्वास एका दिवसात जातो.

तसंच घराच्या आतही. बऱ्याच लेकी काळजीपोटी स्वयंपाकघरात, ओसरीवर कॅमेरा लावून देतात. आईला विचारून लावा. दिवसभर आपल्याकडं कुणी बघतंय हे ती बोलून दाखवत नाही, पण डोक्यावरचा पदर सतत सारखा करत राहते, मी पाहिलंय. पडण्याबिडण्याची भीती असेल तर जिन्याच्या पायथ्याशी एक पुरे. आणि शेजाऱ्याचं दार, खिडकी चित्रात येत असेल तर पेटीत तेवढा भाग काळा करायची सोय असते, ती वापरा.

काम संपलं की मिस्त्रीला जाऊ देऊ नका. बाबांना टीव्हीसमोर बसवा, माऊस त्यांच्या हातात द्या, आणि काल रात्री अडीचचं फाटकाचं चित्र त्यांनाच काढायला लावा. मग पेन ड्राइव्हवर उतरवायला लावा. माऊस मिस्त्रीच्या हातात जाता कामा नये. दोनदा चुकतील, तिसऱ्यांदा जमेल. पायऱ्या त्यांच्याच अक्षरात त्यांच्या डायरीत लिहून घ्या. त्यानंतर दर महिन्याला, पेन्शन जमा झाल्याचा मेसेज आला की त्या दिवशी, तेच पुन्हा एकदा: चारही कॅमेरे, रात्री अडीच, आणि सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग किती तारखेचं आहे ते. तारीख डायरीत लिहायची आणि फोनवर तुम्हाला सांगायची.